आरेतल्या पाड्यावर वालाची बीजप्रक्रिया

मुंबईत शेती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गच्चीवरच्या कुंड्या येतात. मी सांगतेय ती शेती जमिनीतली आहे. गोरेगाव पूर्वेला, आरेतल्या पाड्यांवर वारली कुटुंबं पावसाळ्यात भात, चवळी, काकडी, शिराळी घेतात आणि भात कापून झालं की जमिनीत ओल आहे तोवर वाल टोकतात. १९४९ साली दूध वसाहत आली, त्याच्याही आधीपासून हे पाडे तिथे आहेत. ज्या मावशींबरोबर मी हे काम केलं त्या पावसाळ्यात स्टेशनबाहेर टाकळा, शेवळं, कुर्डू घेऊन बसतात आणि थंडीत वालाच्या शेंगा. मी त्यांची गिऱ्हाईक. ओळख वाढली, मी पाड्यावर जाऊ लागले आणि त्यांच्या वालाचं काय होतं ते जवळून पाहू लागले.

त्यांची जमीन थोड्या गुंठ्यांची, तीही दोन तुकड्यांत. खालचं भाताचं खाचर जुनं, दरवर्षी वाल घेतलेलं. वरचा तुकडा उतारावरचा. तिथे बरीच वर्षं नुसतं गवत होतं, अलीकडे त्यांनी तो साफ करून कसायला घेतला. सातबारा त्यांच्या नावावर नाही, त्यामुळे अनुदानाचं बियाणं वगैरे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बी घरचंच. आदल्या वर्षीच्या शेंगांतून काढलेलं, राख लावून डब्यात ठेवलेलं. असं बी पेरून त्यातलं तिसऱ्या हिश्श्याने जरी कुजलं, तरी पुन्हा टोकायला घरात बी उरत नाही. आणि कुठून आणलं तरी तोवर जमिनीतली ओल गेलेली असते. नोव्हेंबरातला वाल अंगओलाव्यावर उभा राहतो, त्याला दुसरी संधी नसते. मोठ्या शेतात रांगेत चार रोपं कमी आली तर कळतसुद्धा नाही, इथे प्रत्येक मोकळी जागा म्हणजे शेंगांची एक एक मूठ गेली. म्हणून मला वाटतं की बीजप्रक्रियेची, म्हणजे पेरणीआधी बी निवडून त्याला उपयोगी जिवाणू किंवा औषध लावण्याची, खरी गरज कोणाला असेल तर ती लहान शेतकऱ्याला.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि नोकरी करते पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दिवसभर रक्ताचे नमुने. रायझोबियम, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देणारा जिवाणू, मी पाहिलं होतं ते कॉलेजात, काँगो रेड घातलेल्या माध्यमावर. इतर जिवाणू तो लाल रंग शोषून घेतात, रायझोबियमच्या वसाहती मात्र पांढऱ्या आणि चिकट राहतात. ते शेतात वापरायची वेळ कधी आली नव्हती.

मावशींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बी काय आजारी आहे का ताई, औषध लावायला?" पण बियाला पेरणीआधी काही करायचं असतं ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. भाताचं बी मिठाच्या पाण्यात सोडून तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत सुकवायचं, हे त्यांच्या घरात होतंच. कृषी विद्यापीठाची शिफारस १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ अशी आहे. त्या अंदाजाने मीठ घालत आणि त्यांचा अंदाज जवळपास तेवढाच होता. वालाला मात्र असं काही कोणी केलेलं नव्हतं. "वाल उगवतोच," त्या म्हणायच्या.

म्हणून आम्ही आधी उगवण तपासली. डब्यातून न निवडता, हाताला येईल तसं शंभर बी मोजून घेतलं. गोणपाट भिजवून पिळलं, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडल्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग सगळ्याची वळकटी करून घराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवली. मावशींची सून रोज हाताने पाणी शिंपडायची. सहाव्या दिवशी उलगडलं तर धड मोड आलेलं बी निघालं एकसष्ट. उरलेल्यातलं काही तसंच टणक, काही बुळबुळीत होऊन वास मारत होतं, काहींवर पांढरी बुरशी. बहुतेक कडधान्यांच्या प्रमाणित बियाण्याला ७५ टक्के उगवण लागते. मावशी बराच वेळ ते गोणपाट बघत राहिल्या. मग डबा पुढ्यात घेतला आणि चाळणीत बी ओतलं.

राख चाळून गेली आणि बी उघडं पडलं. भोक पडलेलं बी वेगळं, सुरकुतलेलं वेगळं, डाग असलेलं वेगळं. भोकाच्या बाबतीत एक गोष्ट इथे सांगायला हवी. कडधान्याला लागणारा भुंगेरा डब्यात शिरतो असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी बियात शिरते आणि डब्यात गेल्यावर भुंगेरा होऊन बाहेर येतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा आतला अंकुर बहुधा खाल्लेला असतो. निवडलेल्या बियांतलं पुन्हा शंभर घेऊन तीच परीक्षा केली तेव्हा उगवण ८०च्या पुढे गेली. त्यावेळी जिवाणूचं कुठलंही पाकीट फोडलेलं नव्हतं. बीजप्रक्रियेवर बोलताना लोक थेट औषधावर येतात, मला ते बरोबर वाटत नाही. पोकळ बियाला कितीही संवर्धक, म्हणजे जिवाणूंची भुकटी, चोळलं तरी त्यातून रोप येणार नाही.

जिवाणूचं पाकीट मिळवणं हे वेगळंच काम होतं. शहरातल्या एका दुकानात विचारलं तर दुकानदाराने "सगळ्याला चालतं" म्हणून हरभऱ्याचं संवर्धक पुढे केलं. पाकिटावर वापरायची अंतिम तारीख होती, ती उलटून गेलेली. दोन्ही कारणांसाठी ते मी घेतलं नाही. रायझोबियम म्हणजे एकच एक जिवाणू नव्हे, त्याचे गट आहेत आणि प्रत्येक गटाचं ठरावीक पिकांशी जुळतं. हरभऱ्याचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करतो, तो वालाच्या उपयोगाचा नाही. वाल येतो चवळी, मूग, उडीद, तूर यांच्या गटात. घेवडा, म्हणजे ज्याला आपण फरसबी म्हणतो तो, त्याचा जिवाणू पुन्हा निराळा. आणि घेवड्याच्या मुळांवर गाठी तशाही कमीच येतात. पाकिटावर पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख आणि अंतिम तारीख छापलेली असते. भुकटीतल्या संवर्धकाच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत असा खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. जिवंत हा त्यातला महत्त्वाचा शब्द. उन्हात टपरीवर लटकवलेल्या पाकिटात भुकटी पूर्ण वजनाची असेल, जिवाणू उरले असतील याची खात्री नाही.

शेवटी पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याला सांगितलं. कृषी महाविद्यालयाच्या आवारात जैविक खतं तयार होतात, तिथून त्याने चवळी गटाचं रायझोबियम, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणून दिली. आम्ही नमुने आणण्यासाठी वापरतो तसल्या थंड पेटीतून. घरी आल्यावर पाकिटं मी सावलीत, गार जागी ठेवली, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब.

मधल्या काळात मावशींच्या मुलाने बाजारातून सुधारित चवळीचं बी आणलं होतं, गडद गुलाबी रंगाचं. त्यावरून घरात चर्चा झाली, की हेही औषध लावलेलंच आहे ना, मग वालाला हेच का नको. तो गुलाबी रंग खूण म्हणून दिलेला असतो: याला बुरशीनाशक लावलेलं आहे, हे खायचं नाही. पेरून उरलेलं बी शिजवायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं नाही, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. जिथे पेरून उरलेला वाल थेट पातेल्यात जातो अशा घरांत हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं असं मला वाटतं, कारण घरात लहान मुलं असतात. रासायनिक बुरशीनाशकाला माझा सरसकट विरोध नाही. जिथे मर आणि मूळकूज हे रोग फार आहेत तिथे विद्यापीठंही ते सुचवतात. फक्त क्रम सांभाळावा लागतो: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लागणार असेल तर ते, आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू. उलटं केलं किंवा सगळं एकदम कालवलं तर जिवाणू मरतात. आम्ही रसायन घेतलंच नाही. मावशींच्या घरात बी हाताळणारे हात सुनेचे आणि नातवंडांचे होते.

प्रक्रियेचा दिवस पेरणीचाच ठेवला, कारण जिवाणू लावलेलं बी साठवून ठेवता येत नाही. आदल्या रात्री गुळाचं पाणी केलं. एक लिटर पाण्याला १२५ ग्रॅम गूळ, उकळी आणून, झाकून ठेवलं. सकाळी ते पूर्ण गार झालेलं होतं, आणि ते तसंच हवं. कोमट पाण्यातही जिवाणू कालवू नयेत. गुळाने भुकटी बियाला चिकटते आणि जिवाणूंना थोडं खाद्यही मिळतं.

बी एका मोठ्या घमेल्यात घेतलं. आधी पाण्याचा हलका हबका मारून ट्रायकोडर्मा, किलोला ५ ग्रॅम. ही बुरशीच आहे, पण रोग आणणाऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालून त्यांच्यावरच जगणारी, आणि मुळाभोवतीची जागा आधी अडवून बसणारी. मग रायझोबियम आणि स्फुरदाचे जिवाणू, किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात सरबरीत कालवून थोडं थोडं ओतलं. खरी कसोटी इथे लागते. पाणी जास्त झालं तर कडधान्याच्या बियाचं साल सुरकुततं, सुटायला लागतं, आणि साल सुटलेलं बी मातीत कुजतं. मी मावशींना हे समजावून सांगणार होते, तर त्यांनीच सुनेला सांगितलं, "बिरड्याला भिजवतो तसं नको करू. साल सुटायला नको." पुढचं मिश्रण त्यांनीच केलं. दोन्ही हातांनी बी खालून वर उचलायचं आणि बोटांतून सोडायचं, घासायचं नाही. प्रत्येक बियावर काळपट, पातळ, एकसारखा थर बसला. वालाच्या डोळ्याची पांढरी रेघ तेवढी थोडी दिसत राहिली. मग ते गोणपाटावर सावलीत पसरलं. हात लावल्यावर बोटाला काळं लागेनासं झालं तेव्हा टोकायला घेतलं.

फरक पडला तर तो दिसावा म्हणून दोन्ही तुकड्यांत काही ओळी प्रक्रियेविना ठेवल्या, निवडलेलं तेच बी, पण काही न लावता. त्या ओळींच्या टोकाला जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या. मुलाला हे पटत नव्हतं. चांगलं असेल तर सगळ्याला लावा, म्हणाला. मावशींनी त्याला गप्प केलं. त्यांना स्वतःला बघायचं होतं.

उगवण खालच्या खाचरात आधी दिसली. बांधालगत, जिथे भाताचं पाणी शेवटपर्यंत साचून राहतं त्या कोपऱ्यात, चिंधीच्या ओळींत मोठमोठ्या जागा रिकाम्या राहिल्या. तिथे खुरप्याने उकरून पाहिलं तर बी फुगून मऊ पडलेलं, दाबलं की आतून पाणी सुटणारं, आणि भोवती मातीच्या कणांना धरून बारीक पांढरे धागे. शेजारच्या प्रक्रियेच्या ओळीतही रोपं गेली होती, पण तुरळक. खाचराच्या बाकीच्या भागात, जिथे निचरा बरा होता, तिथे दोन्ही ओळींत डोळ्यांना जाणवेल असा फरक नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय. ट्रायकोडर्माने काम केलं ते जिथे रोगाला पोषक ओल होती तिथे. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत निवडलेल्या बियाला त्याची उणीव भासली नाही.

गाठींचं चित्र याच्या उलट निघालं. पेरणीला महिना होऊन गेल्यावर आम्ही दोन्ही तुकड्यांतली रोपं काढली. रोप उपटायचं नाही, गाठी मातीतच तुटून राहतात. भोवतीच्या मातीच्या ढेकळासकट खुरप्याने उचलायचं, बादलीतल्या पाण्यात सोडायचं आणि माती आपोआप विरघळू द्यायची. खालच्या खाचरात चिंधीच्या रोपांवरही भरपूर गाठी होत्या. वर्षानुवर्षं वाल घेतल्याने तिथल्या मातीत जिवाणू मुळातच मुक्कामाला आहेत, पाकिटाने त्यांत फारशी भर पडली नाही. वरच्या तुकड्यात मात्र चिंधीच्या रोपांची मुळं जवळजवळ कोरी होती, आणि प्रक्रियेच्या रोपांवर मुख्य मुळाला धरून टपोऱ्या गाठींचे झुबके.

त्यातली एक गाठ मी नखाने चिरली. आतून लालसर गुलाबी निघाली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या प्रथिनाचा. कुबो या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ साली तो ओळखला. हवेतला नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपुढे टिकत नाही, आणि जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन हवाच. हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेतानेच पुरवतं. मी रोज ज्याची मोजणी करते त्याचा भाऊबंद वालाच्या मुळात नखाएवढ्या जागेत काम करताना दिसला, त्याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. मावशींना सांगितलं, हे झाडाचं रक्त समजा. त्यांनी बोटावरचा तो लाल ठिपका नातीला दाखवला. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ काम करत नसते, ही परीक्षा कुणालाही शेतात उभ्याउभ्या करता येते.

गाठी आल्या की नत्राचं खत हात राखून द्यायचं. मुळाशी आयता नत्र मिळाला तर झाड जिवाणूंना पोसायचं कमी करतं. आरेत तबेल्यांमुळे म्हशीचं शेण मुबलक, आणि ताजं शेण ओतायची सवयही आहे. शेजारच्या एका वाफ्यात तसं केलं होतं. वेल हिरवागार, पानं तळव्याएवढी, शेंगा मात्र विरळ. मावशींनी कुजलेलं शेणखत भातालाच घातलं होतं, वालाला वेगळं काही दिलं नाही.

पुढे मावा आला. ढगाळ दिवस लागले आणि शेंड्यांवर, कळ्यांवर काळा मावा चिकटला, चिंधीच्या ओळीवर आणि प्रक्रियेच्या ओळीवर सारखाच. जिवाणू लावून मावा टळत नाही, शेंगा पोखरणारी अळीही टळत नाही. त्याला ५ टक्के निंबोळी अर्क फवारला, जास्त भरलेले शेंडे खुडून टाकले. माकडांनी नेलं ते नेलंच.

हिरव्या शेंगा तोडायला आल्या तेव्हा मावशींनी ओळींच्या पाट्या वेगळ्या ठेवल्या. तराजू त्यांचाच. खालच्या खाचरात, तो ओला कोपरा सोडला तर, पाट्या जवळपास सारख्या भरल्या. वरच्या तुकड्यात प्रक्रियेच्या ओळींनी उघड बाजी मारली. पाकिटांचा खर्च म्हणाल तर तो स्टेशनवर एका सकाळी विकलेल्या शेंगांतून निघाला असता. पण ज्याची जमीन जुनी वालाची आहे आणि निचऱ्याची आहे, त्याला मी आधी बी निवडायला आणि उगवण बघायला सांगेन. पाकीट घ्यायचं ते नव्या, पडीक तुकड्यासाठी आणि पाणथळ जागेसाठी.

शेवटच्या तोडीआधी मावशींनी बियासाठी वेल राखले. निरोगी, मधल्या बहराच्या शेंगा असलेले, आणि त्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. वाळल्याबरोबर काढल्या, शेतात रेंगाळू दिल्या नाहीत, म्हणजे भुंगेऱ्याला अंडी घालायला कमी वाव मिळतो. कडक उन्हं दिली. खायच्या वालाला एरंडेलाचा हात लावला. बियाच्या वालाला चाळलेली कोरडी राख, कारण तेलकट बियावर पुढच्या वर्षी गुळाचं पाणी नीट धरेल का अशी शंका त्यांनीच काढली आणि मला ती रास्त वाटली. डबा काठोकाठ भरून झाकण मेणाने बंद केलं.

पलीकडच्या पाड्यावरची त्यांची नणंद बी मागायला आली, आणि उरलेलं पाकीटही. बी मावशींनी ओंजळभर दिलं. पाकीट दिलं नाही. फोडून ठेवलेल्या पाकिटात पुढच्या हंगामापर्यंत काही जिवंत राहत नाही, नव्या तारखेचंच आणायचं, असं त्यांनी तिला बजावलं. आणि त्याआधी घरच्या डब्यातलं शंभर बी गोणपाटात घालून बघ, किती उगवतं ते मला येऊन सांग, हेही.